आयडाहोच्या जिल्ह्यांची नावं

होमडेल, आयडाहो
६ ऑक्टोबर २०२४

आदरणीय लुर्डस टीचर,

जय ख्रिस्त.

मी कॉस्मस. गिरीजच्या इनास रुमावचा धाकटा. तुमचे आजोबा आणि माझे पणजोबा सख्खे भाऊ, असं पप्पा सांगतात. पण माझ्यासाठी नात्याच्या आधी तुम्ही टीचर. आठवी ते दहावी भूगोल तुमच्याकडे शिकलो आणि नकाशा उलटा धरला म्हणून एकदा पूर्ण तास उभाही राहिलो.

तुमचा पत्ता फिलोमिनाने, माझ्या बायकोने, तुमच्या भाचीकडून मिळवला. ती म्हणाली, "टीचर मुलीकडे, अँजेलाकडे, हॅलिफॅक्सला असतात. फोन करू नकोस, त्यांना नीट ऐकू येत नाही. पत्र लिही." म्हटलं, बघू या जमतं का. शुद्धलेखनाचे मार्क कापू नका.

मी चार वर्षं इकडे कॅनडात, विंडसरला आहे. ट्रक चालवतो. पूल ओलांडला की डेट्रॉइट आणि तिथून पुढे सरळ पश्चिमेला. फिलोमिना आणि आमची ग्रेटा अजून गिरीजला आहेत. त्यांचे पेपर्स झाले की पुढच्या उन्हाळ्यात येतील. तोवर मी आणि रस्ता.

आज कांदा भरायला आलोय. नंबर लागायला वेळ आहे, म्हणून कागद काढला. इथे काउंटी म्हणजे आपला जिल्हाच समजा. या काउंटीचं नाव ओवायही. हे कुठल्या भाषेतलं, म्हणून गोदामातल्या म्हाताऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "हवाई. आधी लोक हवाईचं स्पेलिंग असंच करायचे." मी म्हटलं, समुद्र इथून कुठच्या कुठे आणि हवाई इथे कशी? तर दोनशे वर्षांपूर्वी मॉन्ट्रियलच्या एका कंपनीची माणसं कातड्यांच्या व्यापारासाठी इकडे फिरत होती. त्यांच्याबरोबर हवाई बेटांवरचे तिघे जण होते. त्यांना एका नदीचा तपास करायला पाठवलं. ते परत आलेच नाहीत. म्हणून नदीला त्यांच्या देशाचं नाव दिलं आणि नदीवरून जिल्ह्याला.

एवढं ऐकलं आणि पहिल्यांदा तुम्ही आठवलात. दुसऱ्या कुणाला सांगावं असं हे नव्हतंच.

नंबर लागला. थांबतो.

आपला,
कॉस्मस


हॅलिफॅक्स
२५ ऑक्टोबर २०२४

चि. कॉस्मस,

अनेक आशीर्वाद.

नकाशा उलटा धरला म्हणून मी तुला उभं केलं नव्हतं. तो उलटा आहे हे सांगितल्यावरही तू "असाही बरोबर दिसतो" म्हणालास, म्हणून केलं होतं.

तुझं पत्र दोनदा वाचलं. शुद्धलेखन बरं आहे. "आशीर्वाद"मधली शी मात्र दीर्घ. तू तो शब्द लिहिला नाहीस, पण पुढे कधी लिहिशील म्हणून सांगून ठेवते.

माझ्या कानांचं तू ऐकलंस ते खरं. फोनवर निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं मी मनाने जुळवते. मग भांडणं होतात. पत्रात तसं होत नाही.

आमचं इथे छान चाललं आहे. अँजेला हॉस्पिटलात नर्स आहे, तिच्या शिफ्ट सारख्या बदलतात. जावई चिराग कॉम्प्युटरवाला. नात अक्षरा आठ वर्षांची. मी मराठीत विचारते, ती इंग्रजीत उत्तर देते, आणि दोघी आपापल्या जागी अडून असतो. घर भरलेलं असतं. माझे मिस्टर, तुझे बस्त्यावअंकल, दोन वर्षांपूर्वी इथेच वारले, हे तुला कळलं असेल.

त्या तिघांच्या गोष्टीने मला दिवसभर सोडलं नाही. त्यांची नावं कुणी लिहून ठेवली होती का? म्हाताऱ्याला विचार. देशाचं नाव राहिलं, पण घरी त्यांना कुणी काय म्हणून हाक मारायचं, ते गेलं.

आयडाहोचा नकाशा काढून बसले आहे. एडा, जेम, पेयेट, कॅरिबू. प्रत्येकाला नाव कसं पडलं ते वाटेत विचारत जा आणि मला कळव. गृहपाठ समज. मला दुपारी वेळ असतो.

तुझी,
लुर्डस टीचर


सोडा स्प्रिंग्ज, आयडाहो
१० नोव्हेंबर २०२४

आदरणीय टीचर,

गृहपाठ क्रमांक एक: कॅरिबू काउंटी. मी तिथेच उभा आहे. बाहेर बर्फ भुरभुरतोय.

मला वाटलं, ते शिंगांचं जनावर असेल. तसं नाही. जेसी फेअरचाइल्ड नावाचा एक माणूस होता. तो आपल्या कॅनडात, ब्रिटिश कोलंबियाच्या कॅरिबू भागात, सोनं शोधायला गेला होता. परत आल्यावर तिकडच्या गोष्टी इतक्या सांगायचा, की लोकांनी त्याचंच नाव कॅरिबू जॅक पाडलं. त्याच्यावरून डोंगराला नाव पडलं आणि डोंगरावरून काउंटीला. हे मला पेट्रोलपंपावरच्या बाईने सांगितलं. म्हणाली, "तो जरा थापाड्याच होता." पण नाव राहिलं ना त्याचं.

त्या तिघांबद्दल गोदामात विचारलं. नावं कुणालाच माहीत नाहीत.

टीचर, काल एक गंमत झाली. हायवेवरून उतरायची एक्झिट घ्यायची होती, ती मागे कधी गेली ते कळलंच नाही. मधला रस्ता आठवतच नाही. झोप कमी पडते, बहुतेक. विंडसरला गेलो की दोन दिवस नुसता झोपणार आहे.

अक्षराला माझा हॅलो सांगा.

आपला,
कॉस्मस


हॅलिफॅक्स
१२ जानेवारी २०२५

चि. कॉस्मस,

टपालाचा संप मिटला आणि तुझं नोव्हेंबरचं पत्र नाताळच्या आधी एकदाचं हाती पडलं. त्यानंतर मी दोन पत्रं पाठवली. तुझं उत्तर नाही. टपालात अजून ढीग पडले असतील, त्यात तुझं पत्र कुठेतरी तळाशी असेल, असं धरून चालले आहे.

एक्झिट चुकली, ही गंमत नव्हे. झोपत जा. गाडी बाजूला घेऊन झोपायला लाज कसली?

इथला नाताळ छान झाला. सगळे होते. मी गोड वड्या केल्या, चिरागने बाहेरचा बर्फ फावड्याने काढला.

एडाचं काय झालं?

लुर्डस टीचर


बॉइसी, एडा काउंटी
९ फेब्रुवारी २०२५

आदरणीय टीचर,

उशीर झाला, माफ करा. विंटरमध्ये कामाचा लोड फार असतो. पत्र रस्त्यात लिहितो आणि विंडसरला आल्यावर टाकतो, म्हणून वेळ लागतो.

तर एडा. ही गोष्ट ऐकण्यासारखी आहे. एडा नावाची विधवा बाई होती. नदीकाठी तिची खानावळ होती. थंडीत वाट चुकलेला माणूस आला की ती कोण, कुठला विचारायची नाही, आधी सूप पुढे ठेवायची. रात्री खिडकीत कंदील टांगायची, म्हणजे लांबून दिसावा. एका वर्षी मोठं वादळ आलं. बाहेर गेलेले सगळे त्या कंदिलाकडे बघत बघत परतले, एकही दगावला नाही. ती गेली तेव्हा लोक म्हणाले, हा जिल्हा तिचा.

आणि जेम म्हणजे रत्न. तिथे एका मेंढपाळाला नदीत हिरवा खडा सापडला. त्याने तो विकला नाही. बायको येईल तेव्हा दाखवीन म्हणून उशाशी ठेवला. बायको पोचेपर्यंत तो म्हातारा झाला होता, पण खडा होता तसाच होता.

आज डोंगर अगदी स्वच्छ दिसताहेत. ट्रकच्या काचेतून सगळी दरी दिसते. टीचर, एकट्याने बघायचं म्हणजे जरा वाया गेल्यासारखं वाटतं. म्हणून तुम्हाला लिहितो.

आपला,
कॉस्मस


हॅलिफॅक्स
२ मार्च २०२५

चि. कॉस्मस,

काय सुंदर पत्र! जेवणाच्या टेबलावर सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. अक्षराने विचारलं, "Was she real?" मी म्हटलं, जिल्ह्याला नाव दिलं म्हणजे खरीच असणार. अँजेलाच्या डोळ्यांत पाणी आलं.

त्या एडाबाईचा माझ्या मनाला चाळा लागला आहे. पेयेट अजून बाकी आहे. आणि एल्मोर. सावकाश लिही, पण लिही.

इथे अजून गोठलेलं आहे. फेरीबोटीने पलीकडे जाते तेव्हा बंदराच्या पाण्यावरून येणारा वारा सरळ हाडात शिरतो. आपल्या भुईगावच्या किनाऱ्यावरचा वारा कसा ओलसर असायचा. त्याला मिठाचा वास होता. इथल्या समुद्राला मला वासच येत नाही. नाकही म्हातारं झालं असेल.

लुर्डस टीचर


पेयेट, आयडाहो
३० मार्च २०२५

आदरणीय टीचर,

पेयेट हे एका पक्ष्याचं नाव. राखाडी रंगाचा असतो. थंडीत बाकीचे पक्षी दक्षिणेला जातात, हा एकटा राहतो, म्हणून इथल्या लोकांना त्याचं कौतुक. एल्मोर म्हणजे एल्मची झाडं. कुणीतरी आपल्या मुलांसाठी लावली, पण मुलं दुसरीकडे गेली.

जास्त लिहीत नाही. हात जरा दुखावला आहे, पडलो होतो. काळजी करू नका. रस्ते मोकळे झालेत.

कॉस्मस


हॅलिफॅक्स
२४ एप्रिल २०२५

चि. कॉस्मस,

ईस्टर झाला. परवा फेरीने पलीकडे जाऊन मोठ्या लायब्ररीत गेले होते. एडाबाईचा एखादा फोटो मिळाला तर बघावा, एवढंच मनात होतं. तिथल्या मुलीने मला कॉम्प्युटरपाशी बसवलं आणि सगळं काढून दिलं. ती बोलत होती ते मला ऐकू येत नव्हतं, म्हणून कागदावर लिहून दाखवत होती. फार सोशिक.

तुझा पेपर तपासला. ओवायही: बरोबर. कॅरिबू: बरोबर. एडा: चूक. ती खानावळवाली विधवा नव्हती. तिथल्या विधिमंडळात रिग्ज नावाचा सभासद होता, त्याची ती तान्ही मुलगी. जिल्ह्याला नाव मिळालं तेव्हा तिला नीट चालताही येत नसेल. जेम: चूक. राज्यालाच रत्नांचं राज्य म्हणतात, त्यावरून ते नाव. पेयेट: चूक. तो पक्षी नाही. फ्रांस्वा पेयेट नावाचा माणूस, मॉन्ट्रियलकडून गेलेला, कातड्यांचा व्यापारी. एल्मोर: चूक. तिथल्या एका खाणीचं नाव.

आधी मला वाटलं, तुला कुणीतरी फसवलं. मग वाटलं, कॉस्मस फसणाऱ्यातला नाही. येत नसेल ते उत्तर तू कोरं सोडायचास, मनाने भरायचा नाहीस. पहिल्या पत्रात गोदामातला म्हातारा होता, दुसऱ्यात पंपावरची बाई होती. नंतरच्या पत्रांत तुला सांगणारं कुणीच नाही. नुसत्या गोष्टी. आणि सगळ्या गोष्टींत कुणीतरी एकटं बसून वाट बघतंय.

तू आयडाहोत नाहीस, कॉस्मस. एडाच्या पत्रापासून नाहीस, असं मला वाटतं. कुठे आहेस? आणि पडलास तो कशाने?

तुला विचारते आहे, तर माझंही सांगायला हवं. जेवणाच्या टेबलावर मी तुझं पत्र वाचलं नाही. टेबल आहे, खुर्च्या चार आहेत, बसणारी मी एकटी. चिरागला कॅल्गरीत नोकरी मिळाली आणि गेल्या उन्हाळ्यात ते तिघं तिकडे गेले. तू पहिलं पत्र लिहिलंस, तेव्हाही ते इथे नव्हते. "Was she real?" हे अक्षराने विचारलं नाही. तिने विचारलं असतं, असं मला वाटलं.

ते मला टाकून गेले नाहीत. मीच गेले नाही. अँजेला म्हणाली, "मम्मी, बी प्रॅक्टिकल." मी म्हटलं, तुझ्या पप्पांना गिरीजमधून उठवून आपण इथे आणलं. त्यांना मातीत ठेवून आता पुढे निघायचं? ते तर कुणाला ओळखतही नाहीत इथे. ती रडली आणि मी कठोर बोलले. तेव्हापासून फोन येतो, पण ती बोलते ते मला ऐकू येत नाही आणि मी बोलते ते ती ऐकत नाही. गावात कळलं तर लोक अँजेलाला बोल लावतील, म्हणून भरल्या घराच्या गोष्टी लिहिते.

आता तू लिही.

लुर्डस टीचर


विंडसर
७ मे २०२५

आदरणीय टीचर,

तुमचं पत्र चार दिवस टेबलावर होतं. उत्तर द्यायचं धाडस नव्हतं.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात मी आयडाहोहून परत आलो. गाडी कंपनीच्या यार्डात लावली, चावी द्यायला खिडकीपाशी गेलो. पुढचं आठवतं ते ॲम्ब्युलन्सचं छत. फिट आली होती. डॉक्टरांनी विचारलं, आधी कधी असं मधलं काही आठवेनासं झालं होतं का? मी एक्झिटचं सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. ट्रकचं लायसन्स गेलं. कारचं पुढे कधीतरी मिळेल, ट्रकचं कित्येक वर्षं नाही. नोकरी त्याच आठवड्यात संपली.

टीचर, यार्डात यायच्या थोडं आधी मी पुलावर होतो. खाली नदी, पुढे एक शाळेच्या मुलांची बस. बसच्या मागच्या काचेतून एक मुलगी मला हात करत होती. ती रोज डोळ्यांसमोर येते.

मी बेसमेंटमध्ये राहतो. वर नागपूरच्या वीणाताई आणि त्यांचा नवरा राहतात. दोघं मोटारींच्या पार्ट्सच्या कारखान्यात जातात. त्यांनाही सांगितलं नाही. गोळ्या दिल्या होत्या, त्यांनी डोकं जड व्हायचं, म्हणून मीच बंद केल्या. मार्चमध्ये वॉशरूममध्ये पडलो. शुद्धीवर आलो तेव्हा नळ चालू होता आणि पाणी माझ्या कानापर्यंत आलं होतं. हात दुखावला तो त्यात.

फिलोमिनाला वाटतं, मी अजून ट्रकवर आहे. तिचा फोन आला की मी लाँड्रीत जातो आणि कपडे सुकवायचा ड्रायर चालू करतो. रिकामाच. त्याचा आवाज इंजिनसारखा येतो. मग सांगतो, आज आयोवा, आज नेब्रास्का. तिला जुलैमध्ये यायचं आहे. ग्रेटाने शाळेत सगळ्यांना सांगून टाकलंय.

तुमची पत्रं आली तेव्हा मी दिवसचे दिवस कुणाशी बोललो नव्हतो. माझ्याकडे रोड ॲटलास आहे. त्यात आयडाहोवर बोट ठेवायचो आणि जे सुचेल ते लिहायचो. कुणाला विचारायला तोंड उघडावं लागत नव्हतं. लिहिताना मी खरंच तिथे असायचो. तुम्हाला फसवायचं नव्हतं, टीचर. तुम्ही खूश झालात आणि मला थांबता आलं नाही.

दुपारी चालत पुलाकडे जातो. ट्रकची रांग लागलेली असते. बघतो आणि परत येतो.

कॉस्मस


हॅलिफॅक्स
१३ मे २०२५

कॉस्मस,

हे पत्र पूर्ण वाचायच्या आधी वर जा. वीणाताईंना सांग, "मला फिट येते. मी खाली एकटा असतो." एवढीच दोन वाक्यं. मग खाली येऊन पुढचं वाच.

गेलास का? नसशील तर जा.

आता ऐक. तुझं पत्र वाचून मी अँजेलाला फोन लावला. पुष्कळ दिवसांनी मी स्वतःहून लावला. म्हटलं, मला ऐकू येणार नाही, म्हणून मी विचारते आणि तू मेसेजमध्ये लिहून पाठव. माणसाला फिट येते आणि त्याने गोळ्या बंद केल्या तर काय होतं? तिने घाबरून लिहिलं, "मम्मी, तुला काही झालंय का?" मी सांगितलं, मला नाही, कॉस्मसला. मग तिने पानभर लिहिलं. ते या पत्रासोबत आहे. त्यातलं पहिलं वाक्य मी लाल शाईने पुन्हा लिहिलं आहे: गोळ्या आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत. माणूस यात मरतो. डोकं जड होत असेल तर डॉक्टरांना सांगायचं, ते गोळी बदलून देतात.

शेवटी तिने विचारलं, "तू जेवलीस का?" तेवढं मी वाचलं आणि उठून भात टाकला.

फिलोमिनाला सांग. तिला जुलैत विमानतळावर कळण्यापेक्षा आज कळू दे. तुझी लाज तिच्यापेक्षा मोठी आहे का? आणि पुलावर तुझ्या हातून काही घडलं नाही. ती मुलगी घरी गेली, जेवली, झोपली. तिला तू आठवतही नसशील.

तू लिहिलेली एडाबाई खोटी होती म्हणून मला राग आला नाही. तशी बाई वरच्याच मजल्यावर असताना तू तिच्याकडे जायचं सोडून एडाबाईची गोष्ट लिहीत बसलास, याचा आला.

लुर्डस टीचर


गिरीज, वसई
२२ ऑगस्ट २०२५

आदरणीय टीचर,

मी घरी आहे.

मधल्या काळात लिहिलं नाही, कारण खरं लिहायचं तर काय लिहावं ते कळत नव्हतं. तुमचं पत्र आलं त्याच संध्याकाळी वर गेलो. वीणाताई चपात्या लाटत होत्या. मी दोन वाक्यं बोललो. त्यांनी लाटणं खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "आणि हे तू आत्ता सांगतोस? खाली धप्प झालेलं मी ऐकलं होतं रे. मला वाटलं, सामान पडलं." बेसमेंटचं दार त्या दिवसापासून आतून लावू दिलं नाही. दुसऱ्या दिवशी मला डॉक्टरकडे नेलं. गोळी बदलली.

मग फिलोमिनाला फोन केला. ड्रायर लावला नाही. म्हटलं, "फिलू, मी ट्रक चालवत नाही."

ती म्हणाली, "माहीत आहे."

"कसं?"

"तुझा ट्रक कधी थांबत नाही, कधी वळत नाही, एकदा हॉर्न वाजत नाही. आणि मध्येच टिंग करून बंद पडतो. आपल्याकडे वॉशिंग मशीन आहे, कॉस्मस."

"मग बोलली का नाहीस?"

"तू सांगशील म्हणून थांबले होते. मला वाटलं, दुसरी बाई असेल."

शेवटी फिटचं सांगितलं. ती म्हणाली, "आम्ही येत नाही. तूच ये. तिकडे आजारी पडायचं आणि इकडे आजारी पडायचं, यात फरक आहे."

तर आलो. मार्चनंतर फिट नाही. वाडीत काम करतो, केळी आणि भाजी. मला स्कूटर नाही, विहिरीकडे एकट्याने जायचं नाही. ग्रेटा बाथरूमच्या दाराबाहेर उभी राहून गाणं म्हणते आणि मला आतून साथ द्यावी लागते. थांबलो की ती दार वाजवते.

चर्चबाहेर सगळे विचारतात, "परत कधी जाणार?" मी म्हणतो, बघू. आयडाहोबद्दल बोलायला लागलो की लोक मान हलवतात आणि पावसाचं बोलतात. पाच माणसांच्या घरात कधीकधी बेसमेंटमध्ये असल्यासारखं वाटतं. हे फिलोमिनाला सांगितलं नाही. तुम्हाला सांगतो.

टीचर, तुम्हीही या. तुमच्या भाचीचं घर आहे, आमचं आहे. बोलायला माणसं आहेत.

आपला,
कॉस्मस


हॅलिफॅक्स
३ नोव्हेंबर २०२५

चि. कॉस्मस,

तुझं पत्र आलं त्यानंतर आठवड्याभरातच अँजेला आली. अक्षराला घेऊन, आठ दिवस राहिली. येताना माझ्या कानांसाठी डॉक्टरांची वेळ ठरवूनच आली होती. आता कानात यंत्र आहे. फ्रीज इतका आवाज करतो, हे मला ठाऊक नव्हतं.

आम्ही तिघी बस्त्यावकडे गेलो. अँजेलाने दगडावरची पानं झाडली. म्हणाली, "मम्मी, मी तुला पुन्हा चल म्हणणार नाही. पण तू इथे एकटी पडलीस तर मला कळणार कसं?" मी म्हटलं, रोज सकाळी उठले की तुला मेसेज टाकीन. तो मी टाकते. ती लगेच हार्ट पाठवते. पुढचा सगळा दिवस माझा.

तू ये म्हणालास, बरं वाटलं. मी येणार नाही. भाचीचं घर चांगलं आहे, तुमचंही चांगलं आहे. पण त्याला इथे सोडून येणं मला जमत नाही, आणि जमत नाही याचं कारण मला शहाण्यासारखं सांगता येत नाही. कॅल्गरीला न जाण्याचं कारण तेच, गिरीजला न येण्याचंही तेच.

काल मृतांचा दिवस होता. तुमच्याकडे दफनभूमी झेंडूंनी भरली असेल. मेणबत्त्यांनी पाय ठेवायला जागा नसेल, मुलं मेण गोळा करत असतील. इथे मी दोन बस बदलून गेले. दुसरं कुणी नव्हतं. मेणबत्ती लावली, विझली. पुन्हा लावली, विझली. समुद्राकडून वारा होता. शेवटी ती न पेटवता मातीत रोवली आणि शेजारी बसून मोठ्याने रोझरीची माळ म्हटली. यंत्रातून मला माझाच आवाज ऐकू आला. म्हातारीचा आवाज. मी दचकून मागे पाहिलं, कोण बोलतंय म्हणून.

घरी येऊन चहा केला आणि हे लिहायला बसले. या देशात आता मला मराठीत पत्र लिहिणारं कुणी उरलं नाही, हे काल बसमध्ये लक्षात आलं. तू गेलास ते बरोबर केलंस. मीच सांगितलं होतं. तरी लक्षात आलं.

भरल्या घरात एकटं वाटतं म्हणालास, ते मला समजतं. पण ते फिलोमिनाला सांग. मला सांगणं सोपं आहे, मी लांब आहे.

मलाही लिहीत जा. गोष्ट असलीच पाहिजे असं नाही. केळीला पाणी दिलं, एवढं लिही. काही घडलं नसेल तर "आज काही घडलं नाही" असं लिही आणि खाली सही कर. मी ते टेबलाशी बसून मोठ्याने वाचीन.

तुझी,
लुर्डस टीचर